साबण आणि जंतुनाशक एका ड्रममध्ये नांदत नाहीत

थोड्या भांडवलात सुरू होणाऱ्या धंद्यांत फिनेल, भांड्यांचे लिक्विड आणि हँडवॉश तयार करण्याच्या धंद्याचा नंबर बराच वर लागतो. दोन-तीन प्लास्टिकचे ड्रम, एक वजनकाटा, ढवळायला लाकडी दांडा आणि रिकाम्या बाटल्या, एवढ्यावर सुरुवात होते. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा गावोगावचे तरुण या धंद्यात उतरले. काही आजही टिकून आहेत, बरेचसे बंद पडले. उधारी, वाहतुकीचा खर्च, मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती ही कारणे सर्वांच्या तोंडी असतात. पण आणखी एक कारण आहे ज्याविषयी कोणी बोलत नाही, कारण ते बहुतेकांना ठाऊकच नसते. ते म्हणजे दोन चांगले, पैसे मोजून आणलेले पदार्थ एकत्र ओतून दोन्ही वाया घालवणे.

मागच्या एका पावसाळ्यात देवरूखला जाण्याचा योग आला. संगमेश्वर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. मुंबईचा माल महामार्गाने संगमेश्वरपर्यंत येतो आणि तेथून आत वळतो. कोल्हापूरचा माल आंबा घाट उतरून साखरप्यामार्गे येतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलगा आखातातून परतल्यावर येथे हाच धंदा करतो. परिसरातील हॉटेले, दवाखाने, शाळा आणि किराणा दुकाने ही त्याची गिऱ्हाइके. आम्ही गेलो त्या दिवशी मुलाचा चेहरा उतरलेला होता.

"चाचा, तुम्ही या मालाची दलाली केली आहे. जरा मागे येऊन बघा. मुंबईवाल्याने मला खराब माल दिला," तो म्हणाला.

आम्ही ऐन उमेदीच्या काळात काही वर्षे साबणाच्या कच्च्या मालाची दलाली केली, हे खरे. मागच्या पडवीत दोनशे लिटरचा निळा ड्रम होता. झाकण काढले तर आत फाटलेल्या दुधासारखे पाणी आणि त्यावर पांढरे, चिकट गोळे तरंगत होते. दांडा बाहेर काढला तर त्याला मेणासारखा थर बसलेला. दांड्याने खूप ढवळले तरी फेस म्हणून नाही.

"यात घातलंस काय?"

"ॲसिड स्लरी कॉस्टिकने न्यूट्रल केली. नेहमीसारखीच, अगदी स्वच्छ झाली होती. मग बीकेसी ओतलं. ओतता ओतताच फाटलं."

"आणि बीकेसी कशाला?"

"गिऱ्हाईक म्हणतं, फरशी साफही झाली पाहिजे आणि जंतूही मेले पाहिजेत. म्हटलं दोन बाटल्या कशाला, एकीतच दोन्ही देऊ."

विचार व्यापाऱ्याचा होता आणि चांगला होता. स्लरीही चांगली होती, बीकेसीही चांगले होते. ज्या मुंबईवाल्याला तो दोष देत होता त्याचा यात काडीचाही दोष नव्हता.

डोके आणि शेपूट

साबण असो, डिटर्जंट असो वा बीकेसी, रसायनशास्त्रात हे सारे एकाच कुळातले. इंग्रजीत यांना सर्फॅक्टंट म्हणतात, मराठी पुस्तकांत पृष्ठसक्रिय द्रव्ये. यांच्या प्रत्येक कणाला एक डोके असते आणि एक लांब शेपूट. शेपूट तेलाच्या जातीचे, पाण्याला नाक मुरडणारे. डोके पाण्याच्या जातीचे. मळ तेलकट असतो, म्हणून शेपूट त्यात रुतते आणि डोके पाण्याकडे तोंड करून त्या मळाला ओढून नेते. पाण्यात यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर गेले की हे कण शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी गोल बैठक मारतात. अशा पुंजक्याला मायसेल म्हणतात आणि तेलाचा कण त्याच्या पोटात शिरून बसतो.

आता मुद्याची गोष्ट. बहुतेकांच्या डोक्यावर विजेचा भार असतो आणि त्यावरून यांच्या जाती पडतात. बाजारातले आपले नेहमीचे पदार्थ, म्हणजे अंगाचा व कपड्यांचा साबण, ॲसिड स्लरीपासून केलेले डिटर्जंट, शाम्पू-हँडवॉशसाठी येणारी एसएलईएसची पेस्ट आणि रंगाईवाल्यांच्या परिचयाचे टर्की रेड ऑइल, हे सारे ऋणभारित. बीकेसी म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड, सेट्रिमाइड, कपडे मऊ करण्याचे कंडिशनर आणि केसांच्या कंडिशनरमधील मुख्य द्रव्य, हे सारे धनभारित. यांशिवाय भार नसलेली तिसरी जात आहे आणि एकाच डोक्यावर दोन्ही भार बाळगणारी चौथी. त्यांच्याकडे पुढे येऊ.

ऋण आणि धन एकमेकांना ओढतात हे शाळेत शिकवले जाते. ड्रममध्ये तेच घडले. स्लरीच्या कणाचे ऋण डोके आणि बीकेसीच्या कणाचे धन डोके एकमेकांना चिकटले. दोघांसोबत आलेले सोडियम आणि क्लोराइड मोकळे होऊन पाण्यात गेले, म्हणजे चक्क खायचे मीठ तयार झाले. पाण्याशी मैत्री ठेवणारी दोन्ही डोकी एकमेकांत गुंतून पडली आणि बाहेर उरल्या त्या नुसत्या तेलकट शेपट्या. अशी जोडी पाण्यात विरघळणार कशी? ती मेणासारखी होऊन वर आली. त्याच्या दांड्याला चिकटले होते ते हेच. त्यात ना मळ काढण्याची ताकद उरली होती, ना जंतू मारण्याची.

मराठवाड्यात किंवा खानदेशात ज्यांनी खाऱ्या विहिरीच्या पाण्यात साबण वापरला असेल त्यांना हे दृश्य नवे नाही. तेथे पाण्यातले कॅल्शियम धनभारित असते. ते साबणाच्या ऋण डोक्याला धरते आणि बादलीच्या कडेला पांढरा साका बसतो. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते, म्हणून इकडच्या मुलाने साबण फाटताना फारसा पाहिलेला नसावा. बीकेसीचा कण कॅल्शियमपेक्षाही वाईट, कारण त्याला स्वतःचे लांब शेपूट आहे आणि दोन शेपट्याही एकमेकींना बिलगतात.

किलोला किलो

आम्ही त्याची वही मागवली. वही ठेवलेली होती याचे आम्हाला बरे वाटले. अनेक जण हा धंदा अंदाजाने करतात. दोनशे लिटरला त्याने सवापाच किलो ॲसिड स्लरी घेतली होती, म्हणजे काम करणारे द्रव्य साधारण पाच किलो. बीकेसी ५० टक्क्यांचे, दहा किलो. म्हणजे तेही पाच किलो.

आता हिशेब पाहा. स्लरीपासून झालेल्या डिटर्जंटच्या कणाचे वजन रासायनिक मापाने ३५० च्या आसपास भरते आणि बीकेसीच्या कणाचेही तेवढ्याच घरात. एक कण एका कणाला धरतो. तेव्हा ढोबळ मानाने एक किलो बीकेसी एक किलो डिटर्जंटला बांधून टाकते. हे वजन ड्रममधल्या मालाचे नव्हे, तर त्यातल्या निव्वळ द्रव्याचे धरायचे. पाचाला पाच म्हणजे त्याने नकळत अगदी बरोबरीचे माप साधले होते, आणि सर्वात वाईट फाटते ते बरोबरीलाच.

वाचकांनी हा प्रयोग घरी करून पाहावा, खर्च काही नाही. एका काचेच्या ग्लासात पाण्यात चमचाभर भांड्यांचे लिक्विड घाला. दुसऱ्या ग्लासात तेवढेच कपड्यांचे कंडिशनर पाण्यात कालवा. आता दुसऱ्यातले थोडे थोडे पहिल्यात ओतत जा. आधी पाणी गढूळ होईल, मग दुधी, मग कण दिसू लागतील आणि फेस बसत जाईल. आता पुन्हा भांड्यांचे लिक्विड भरपूर घाला. पाणी बऱ्याच अंशी निवळू लागेल. कारण एका बाजूचे कण जास्त झाले की ते त्या गुंतलेल्या जोड्यांना आपल्या मायसेलमध्ये सामावून घेतात आणि सर्व मिळून पुन्हा पाण्यात तरंगतात.

फाटलेला माल असा निवळतो हे पाहून मुलगा खूश झाला. पण खरी अडचण येथूनच सुरू होते.

न दिसणारा तोटा

त्याने कपाटातून हँडवॉशची एक बाटली आणली. गुलाबी, पारदर्शक, सुरेख दाट. लेबलावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की हा साबण ९९.९ टक्के जंतू मारतो.

"पण चाचा, यातही बीकेसी आहे. हे तर फाटलं नाही. सहा महिने विकतोय."

त्या ड्रमपेक्षा या बाटलीची काळजी आम्हाला जास्त वाटली. वही पाहिली. दोनशे लिटरला एसएलईएसची ७० टक्क्यांची पेस्ट तीस किलो, म्हणजे निव्वळ द्रव्य एकवीस किलो. बीकेसी ५० टक्क्यांचे दोन किलो, म्हणजे निव्वळ एक किलो. एसएलईएसचा कण थोडा जड असला तरी हिशेब जवळपास तोच. एका किलोला गिळायला एकवीस किलो बसलेले. बीकेसीचा जवळजवळ प्रत्येक कण पेस्टच्या मायसेलमध्ये अडकून पडणार. त्यातून एसएलईएसच्या डोक्याला पाण्याशी जवळीक असणारी एक जादा साखळी जोडलेली असते, त्यामुळे ते स्लरीसारखे पटकन फाटतही नाही. माल स्वच्छ दिसतो, फेस येतो, वास येतो, उलट थोडा दाट होतो म्हणून जास्त चांगला वाटतो. फक्त ज्या कामासाठी बीकेसीचे पैसे मोजले ते काम होत नाही.

हे का, ते थोडे समजून घेतले पाहिजे. जंतूंच्या अंगावर बाहेरून ऋण भार असतो. बीकेसी धनभारित असल्यामुळेच ते जंतूला जाऊन चिकटते, शेपूट त्याच्या पडद्यात घुसवते आणि पडदा फाडते. ही शक्ती जर्मनीतील गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ साली दाखवून दिली. त्यांना सल्फा औषधांच्या शोधासाठी पुढे १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. म्हणजे बीकेसीचे सारे सामर्थ्य त्या मोकळ्या धन भारात आहे. तो भार साबणाने आधीच धरून ठेवला तर जंतूसाठी उरले काय?

फाटलेला ड्रम व्यापाऱ्याला लगेच सांगतो की तोटा झाला. स्वच्छ बाटली काहीच सांगत नाही. पैसा व्यापाऱ्याचा जातो आणि भरवसा गिऱ्हाइकाचा. दवाखान्यातला कंपाउंडर लेबल वाचून निर्धास्त हात धुतो. व्यापाऱ्याने जाणूनबुजून फसवले नसले तरी लेबल खोटेच ठरते.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "म्हणजे एवढे दिवस लोकांनी हात धुतले ते फुकट?"

तसे मुळीच नाही, आणि हे आम्ही मुद्दाम सांगतो. साधा साबण हाही कामाचा आहे. तो जंतूंना मळासकट सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो आणि कोरोनासारख्या विषाणूचे चरबीचे वेष्टण फोडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली घरगुती हात धुण्याच्या साबणांतून ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशके हद्दपार केली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ती जास्त गुणकारी असल्याचे कंपन्यांना दाखवता आले नाही. बीकेसीचा निर्णय त्या वेळी पुढे ढकलला गेला. थोडक्यात, त्याचा हँडवॉश चांगला साबण होता. खोटे होते ते लेबल.

दुकानात, घरात, रंगाईत

ही गोष्ट फक्त ड्रमवाल्यांची नाही. मटण आणि मासळीच्या व्यापाऱ्यांचे पाहा. ओटा आणि ठोकळा डिटर्जंटने घासायचा आणि लगेच त्यावर बीकेसीचे जंतुनाशक ओतायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी दिसते. मध्ये साध्या पाण्याने खळखळून धुतले नाही तर ठोकळ्यावर राहिलेले डिटर्जंट जंतुनाशकाला खाऊन टाकते. आधी घासा, मग भरपूर पाणी, मग जंतुनाशक. वजूखान्याच्या, मदरशाच्या वसतिगृहाच्या आणि हॉटेलच्या फरशीलाही हाच क्रम लागू आहे.

घरातल्या औषधांच्या कपाटात डेटॉल आणि सॅव्हलॉनच्या बाटल्या शेजारी शेजारी असतात. डेटॉलच्या द्रवात क्लोरोझायलेनॉल हे औषध एरंडेलाच्या साबणात विरघळवलेले असते, म्हणजे सोबत ऋण जातीचा साबण आला. सॅव्हलॉनच्या द्रवात क्लोरहेक्सिडीन आणि सेट्रिमाइड, दोन्ही धन जातीचे. काही जण दुप्पट फायदा होईल म्हणून दोन्ही एकाच मगात घालतात. फायदा दुप्पट तर सोडाच, होता तोही कमी होतो. जखमेभोवतीची जागा साबणाने धुतली असेल तर साबण पूर्ण निघून जाईपर्यंत पाणी घ्यावे, नंतरच सेट्रिमाइडचे औषध लावावे.

कपड्यांच्या कंडिशनरवर शेवटच्या पाण्यात घाला असे लिहिलेले असते त्यामागेही हेच आहे. सुती धाग्याला पाण्यात थोडा ऋण भार येतो, म्हणून धनभारित कंडिशनर त्याला धरून राहते. पावडरीबरोबरच घातले तर ते धाग्यापर्यंत पोहोचण्याआधी डिटर्जंटला मिळते आणि कपड्यावर चिकट डाग पडतात.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडचे आमचे रंगाईवाले बांधव हे अनुभवाने जाणतात. डायरेक्ट आणि रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. रंग पक्का करण्यासाठी दिले जाणारे फिक्सर आणि शेवटचे सॉफ्टनर हे बहुधा धनभारित. रिॲक्टिव्ह रंगानंतर साबणाचे पाणी देऊन सुटा रंग काढतात. तो साबण नीट न धुता कापड फिक्सरमध्ये घातले तर टाकीत चिकटा धरतो आणि थानावर ठिपके उमटतात. असे थान परत आले की दोष रंगाला दिला जातो. आमच्या दलालीच्या दिवसांत अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना आम्ही पहिला प्रश्न एवढाच करत असू, की मध्ये किती पाणी दिले?

जुना ड्रम हीदेखील अशीच एक खोड. सेकंडहँड ड्रम स्वस्त मिळतात. त्यात आधी कंडिशनर होते की बीकेसी, हे कोणी विचारत नाही. तळाशी राहिलेला थोडासा माल नव्या डिटर्जंटला गढूळ करतो. मग गढूळपणा घालवण्यासाठी मीठ कमी-जास्त करण्यात दिवस जातो.

मग दोन्ही गुण हवे असतील तर?

गिऱ्हाइकाची मागणी खोटी नाही. फरशी साफही व्हावी आणि जंतूही मरावेत, असे एकाच बाटलीत देता येते. त्यासाठी साफ करणारे द्रव्य ऋण जातीचे न घेता भार नसलेल्या जातीचे घ्यायचे. बाजारात अशा मालाला नॉन-आयॉनिक म्हणतात. हात धुण्याच्या मालासाठी दोन्ही भार बाळगणारे कोको बीटेनही चालते. ही द्रव्ये बीकेसीशी भांडत नाहीत. पेस्टइतका फेस येत नाही आणि किंमत थोडी जास्त पडते, हे खरे. पांढऱ्या फिनेलचेही तेच. पाइन ऑइल पाण्यात फोडायला साबण किंवा टर्की रेड ऑइल वापरले असेल तर त्यात बीकेसी घालू नये. नॉन-आयॉनिक इमल्सिफायर वापरले असेल तर घालता येते. तयार फिनेल कॉन्सन्ट्रेट विकत घेणाऱ्यांनी विकणाऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा. उत्तर देता आले नाही तर थोडा नमुना पाण्यात मिसळून त्यात बीकेसीचे चार थेंब टाकावेत. फाटले की उत्तर मिळाले.

आपल्या रिठ्याचा फेसही ज्या सॅपोनिनमुळे येतो त्यावर बहुतांशी भार नसतो. निसर्गाने हा माल आधीच करून ठेवला आहे, पण त्याचा व्यापार करणे हा वेगळा विषय झाला.

ऋण आणि धन यांचे हे भांडण प्रयोगशाळेत मात्र तराजूचे काम करते. १९४७ साली एप्टन यांनी एक पद्धत मांडली. डिटर्जंटच्या पाण्यात क्लोरोफॉर्म आणि निळा रंग घालून त्यावर माप ठाऊक असलेले धनभारित द्रव्य थेंब थेंब सोडायचे. निळा रंग एका थरातून दुसऱ्या थरात सरकतो त्यावरून कळते की ऋण द्रव्य किती होते. ही पद्धत आणि तिचे सुधारलेले प्रकार पुढे जगभर वापरले गेले. पावडरीत किंवा स्लरीत निव्वळ द्रव्य किती टक्के, हे असे मोजता येते. ज्यांना स्लरी हलकी आल्याचा संशय येतो त्यांनी पुरवठादाराशी हुज्जत घालण्यापेक्षा असा तपास करून घ्यावा. खुद्द देवरूखला आठल्ये-सप्रे-पित्रे हे कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय आहे. आपल्या तालुक्यातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे नमुना घेऊन सल्ला विचारायला लाजण्याचे कारण नाही. क्लोरोफॉर्म मात्र घरी आणू नये.

मोठ्या कंपन्या तर या ओढाताणीचा धंदाच करतात. टू-इन-वन शाम्पूत ऋणभारित डिटर्जंट असते आणि सोबत ग्वारापासून केलेले धनभारित द्रव्य. बाटलीत डिटर्जंट भरपूर असल्याने दोघे गुण्यागोविंदाने राहतात. डोक्यावर पाणी ओतले की डिटर्जंट पातळ होते, तोल जातो, आणि नेमका त्याच वेळी त्या जोडीचा मऊ थर केसांवर बसतो. आपल्या मुलाच्या ड्रममध्ये जे चुकून झाले ते येथे योजून, मापून केले जाते. अशा मिश्रणात मायसेल फार कमी प्रमाणातही तयार होतात, म्हणजे थोड्या मालात जास्त काम. बरोबरीपासून थोडे बाजूला, ठरावीक मापात मिसळले तर पाण्यात आपोआप पोकळ, बारीक गोळ्या तयार होतात, असे एरिक केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवले. त्या पोकळीत औषध भरून नेता येईल का यावर तेव्हापासून संशोधन चालू आहे. मुंबईत माटुंग्याला असलेली, १९३३ साली सुरू झालेली आणि पूर्वी यूडीसीटी म्हणून ओळखली जाणारी रसायन तंत्रज्ञान संस्था तेले आणि सर्फॅक्टंटचे खास शिक्षण देते. ज्यांची मुले बारावी विज्ञानाला आहेत आणि घरात हा धंदा आहे त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

लेबलाविषयी आणखी एक गोष्ट. हँडवॉश आणि शाम्पू कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतात आणि ते बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. जंतू मारण्याचा दावा केला की माल औषधांच्या नियमांखाली येतो. फिनेलसारख्या जंतुनाशक द्रवांसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खालील नियमांत परिशिष्ट 'ओ' आहे आणि त्यात रिडील-वॉकर चाचणीने ताकद ठरवलेली आहे. म्हणजे ९९.९ हा आकडा दुसऱ्याच्या बाटलीवरून उतरवून घेण्याचा नाही.

संध्याकाळपर्यंत पाऊस चालूच होता. मुलाने फाटलेला माल मागच्या पऱ्यात ओतून द्यायचे म्हटले तेव्हा आम्ही त्याला अडवले. बीकेसी माशांना फार घातक असते आणि तो पऱ्या पुढे नदीला मिळतो. आधी एका बादलीवर करून पाहिले. जास्तीचे न्यूट्रल केलेले डिटर्जंट घालत गेलो, तेव्हा तिपटीच्या पुढे गोळे विरघळू लागले आणि माल थोडा गढूळ पण फेसाळ झाला. दुसऱ्या दिवशी ड्रम तसाच सुधारला. जंतुनाशक म्हणून तो विकायचा नाही, असे ठरले. एका गॅरेजवाल्याने गाड्या धुण्यासाठी निम्म्या भावात तो नेला.

हँडवॉशचा निर्णय मुलाने स्वतः घेतला. दवाखान्यात आणि दुकानांत पडून असलेल्या बाटल्या त्याने परत आणल्या, जंतूंचा दावा असलेली लेबले काढली आणि नुसते 'हात धुण्याचा साबण' असे लेबल लावून, बीकेसीचा खर्च वजा झाल्याने पुढचा माल दोन रुपये कमी भावाने काढला. बीकेसीसाठी त्याने वेगळा ड्रम, वेगळे नरसाळे आणि वेगळा दांडा घेतला. त्या तिन्हींवर लाल रंगाचा पट्टा मारताना तो आम्हाला म्हणाला, "चाचा, अम्मी मटणाची आणि दुधाची भांडी वेगळी ठेवते, तसंच की हे."